हात न लावलेल्या वस्तू

३ ऑगस्ट, सोमवार

आज वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी विद्यापीठात शिकायला गेले, आणि दहाच्या तासाला दहा वाजता हजर असलेली मी एकटीच निघाले. बाकीची वीस-बावीस मुलं-मुली सव्वादहापर्यंत कॉफीचे पेले मिरवत, डोळे चोळत येत राहिली. आमच्या कॉन्व्हेंटात घंटेनंतर आलेल्या मुलीला मदर दाराशी उभं करत, आणि तास संपेपर्यंत तिच्याकडे कोणी बघायचं नाही असा नियम होता. इथे सर उशिरा आलेल्यांना चक्क ‘या, या’ म्हणाले. मी सोडून दिलं. पहिला दिवस होता, आणि खरं सांगायचं तर मी फार खुशीत होते.

मला शिकायचा होता इमारतींचा इतिहास. निवृत्त माणसांसाठी प्रत्येक विषयात एक जागा मोकळी ठेवतात; इतिहासाची जागा कुठल्याशा निवृत्त न्यायाधीशाने आधीच बळकावली. खिडकीतला कारकून यादीवरून बोट फिरवत म्हणाला की आजी, आता फक्त गेम डिझाइन उरलंय, ते काही तुमच्या कामाचं नाही. तो एवढं बोलला नसता तर मी घरी परतले असते. मी त्याला सांगितलं की मी तुझी आजी नाही, असते तर तुला शर्टाची बटणं नीट लावायला शिकवलं असतं. आण तो अर्ज.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आम्ही दोघीच असतो. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे दिवसभर बैठकीच्या खिडकीतल्या खुर्चीत बसून ती रस्त्याचा कारभार पाहते. ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, “ताई, पत्त्यांत हरायला लागलीस की डाव विस्कटणारी तू! तुला गेम कोण शिकवणार?” मग गुडघा चोळत पुन्हा हसली. मीही हसले. पुष्कळ दिवसांत आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो.

६ ऑगस्ट, गुरुवार

सर माझ्या भाच्याच्या वयाचे असतील. बूट पांढरेशुभ्र, दाढी अर्धवट, बोलणं मात्र नेमकं. पहिलं काम त्यांनी असं दिलं: तुम्हांला सगळ्यांत जास्त ओळखीची असलेली एक जागा कॉम्प्युटरवर बांधा. खेळणारा तिथे शिरेल, आणि त्याने बाहेर पडायची वाट शोधायची. काम जोडीने करायचं. ते पुढचं सबंध सत्र चालेल.

माझी जोडीदारीण म्हणजे एक केस निळे रंगवलेली मुलगी. तिचं नाव मी तीनदा विचारलं आणि तीनदा विसरले, म्हणून मनातल्या मनात ती निळी. तिने मला आधी आजी म्हटलं, मग मॅडम, शेवटी मावशी. मी म्हटलं, मी तुझ्या आईची बहीण नाही. ती म्हणाली, आईला बहीणच नाही, जागा रिकामी आहे. कार्टी तोंडाळ आहे. आवडली मला.

मी चाळीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढले. दुसऱ्यांच्या घरांचे. निळीला म्हटलं, आता माझं घर काढू.

९ ऑगस्ट, रविवार

सबंध दिवस घराची मापं घेतली. टेपचं दुसरं टोक धाकटीने धरलं, तेही वाकडं. मापं इथेच लिहून ठेवते, सुटे कागद हरवतात.

बैठक चौदा फूट बाय अकरा. दाराशी चपलांचा कप्पा, त्यावर किल्लीचा खिळा. डाव्या भिंतीला काचेचं कपाट, चार फूट दोन इंच रुंद, सहा फूट उंच. आत आईचा निळ्या काठाचा चहाचा संच, कप अकरा. बारावा धाकटीने फोडला. ती म्हणते, तू फोडलास. बेचाळीस वर्षं खटला चालू आहे आणि आजही टेप धरल्या धरल्या सुनावणी झाली. उजव्या भिंतीवर पाच तसबिरी. मधली आईवडिलांची, वडिलांची टोपी तिरकी. खिडकीत धाकटीची खुर्ची. स्वयंपाकघरामागे गॅलरी, नऊ बाय तीन, तिथे कपडे वाळतात आणि धाकटीची पुदिन्याची कुंडी आहे.

धाकटीलाही घरात बसवणार. तिने अट घातली की नाक आहे त्याहून लहान काढायचं.

१० ऑगस्ट, सोमवार

घर उभं राहिलं. निळीची बोटं माउसवर अशी चालतात की बघत राहावं. धाकटीची बाहुली खिडकीत बसली आहे, गुडघा चोळते, रस्त्याकडे बघते. नाक आहे तेवढंच काढलं. निळीने विचारलं की हिचं काम काय. मी म्हटलं, काही नाही, ती आहे. निळीने खांदे उडवले.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

इथला एक रिवाज विलक्षण आहे. दर शुक्रवारी दुपारी दुसऱ्या विभागांतली आठ मुलं येऊन आपापल्याला नेमून दिलेला खेळ खेळतात, आणि तो ज्याने बांधला त्याने त्यांच्या मागे खुर्चीवर बसायचं. हात मांडीवर. एक अक्षर बोलायचं नाही. खेळणारा चुको, अडको, भिंतीवर डोकं आपटो, आपण तोंड उघडायचं नाही. सर म्हणाले की खेळ विकला गेल्यावर तुम्ही काही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उभे राहणार नाही.

गप्प बसायचं शिक्षण मला कॉन्व्हेंटात नऊ वर्षं मिळालंय, तेव्हा ते जमलं. पण त्या आठ जणांचे चाळे! आत शिरले, खिळ्यावरची किल्ली घेतली, दार उघडलं, गेले. सगळा खेळ चाळीस सेकंद. चार फूट दोन इंचांच्या कपाटाकडे एकाने ढुंकून पाहिलं नाही. आईचे कप निळीने एकेक करून रंगवले होते.

नंतर एक नकाशा येतो. जिथे खेळणाऱ्यांची पावलं गेली, हात लागले, तिथे लाल. जिथे कोणी फिरकलं नाही तिथे राखाडी. सरांचा नियम: राखाडी ते ओझं. दर सोमवारी थोडं ओझं काढायचं, कोणतं ते जोडीने ठरवायचं, पण काढायचंच. मी वाद घातला की घर म्हणजे नुसती जायची वाट नव्हे. सर म्हणाले की घर नव्हे, पण खेळ म्हणजे तेच. उर्मट. मुद्दा मात्र खोडता आला नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

कपाट काढलं. निळीने एक बटण दाबलं, झालं.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज डोकं शांत आहे. दुपारी बैठकीत बसले होते. डावी भिंत मोकळी आहे ते बरं वाटतं. धाकटी सांगत होती की समोरचा दातांचा डॉक्टर आज नवा कोट घालून गेला, बायको माहेरी गेली असणार. आम्ही साध्या पेल्यांतून चहा घेतला. वाद झाला नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

शुक्रवारच्या चाचणीत उजवी भिंत राखाडी आली. तसबिरी काढल्या. निळीने विचारलं, मावशी, नक्की? मी म्हटलं, नियम तो नियम.

३० ऑगस्ट, रविवार

सरांनी आतापर्यंतच्या कामाचा अहवाल मागितलाय, म्हणून आज ही वही पहिल्यापासून वाचली.

९ तारखेच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: काचेचं कपाट, चार फूट दोन इंच रुंद, सहा फूट उंच. आमच्या बैठकीत कपाट नाही. कधी नव्हतं. अकरा कप, निळा काठ, बेचाळीस वर्षांचा खटला: मला यातलं काहीही ठाऊक नाही. धाकटीला विचारलं. ती म्हणाली की ताई, आपल्याकडे कुठले काठाचे कप, तू कोणाच्या घराचं लिहिलंस?

पुढे पाच तसबिरी. ‘मधली आईवडिलांची, वडिलांची टोपी तिरकी.’ उजव्या भिंतीवर काही नाही. खिळ्याचं भोकही नाही. वडिलांचा चेहरा आठवायला गेले. टोपी लिहिली आहे म्हणून टोपी दिसते. टोपीखाली काही नाही.

म्हातारपण म्हणावं, तर धाकटीचं काय? आणि मापं? चाळीस वर्षांत मी नसलेल्या वस्तूचं माप एकदाही घेतलेलं नाही. दोन इंचांपर्यंत तर नाहीच.

खरी गोष्ट लिहून ठेवते. हे वाचून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उठून कणकेचा डबा पुसला.

३१ ऑगस्ट, सोमवार

परीक्षा घ्यायची ठरवलंय. आज लॅबमध्ये मागची गॅलरी काढणार. घरी आल्यावर ही ओळ वाचायची आणि स्वयंपाकघराच्या मागे जाऊन बघायचं.

१ सप्टेंबर, मंगळवार

कालच्या पानावर ‘मागची गॅलरी’ असं लिहिलंय. स्वयंपाकघराच्या मागे भिंत आहे. हात लावून पाहिली, गार आहे, जुनी आहे. आमचे कपडे बैठकीत दोरीवर वाळतात, नेहमीच वाळतात.

तेव्हा कळलं. तिथे काढलं की इथून जातं, आणि जाताना आपल्यातून आठवणही काढून नेतं. उरते ती फक्त वही.

४ सप्टेंबर, शुक्रवार

निळीला न सांगता कपाट कॉम्प्युटरवर परत बांधायला बसले. माप आहे, मग अडचण काय? चार फूट दोन इंच, सहा फूट. पण ते दिसायचं कसं, लाकूड कुठलं, काच साधी की नक्षीची, वहीत लिहिलेलं नाही आणि डोक्यात उरलेलं नाही. शेवटी एक राखाडी खोका उभा राहिला.

घरी आले तर बैठकीत डाव्या भिंतीला तो खोका होता. राखाडी. ना दार, ना कडी. बोटाने वाजवला तर आवाज येत नाही. धाकटी म्हणाली, हे कधी आणलंस, किती भोंगळ दिसतंय. त्यावर तिने कालचं वर्तमानपत्र ठेवलं.

७ सप्टेंबर, सोमवार

अभ्यासक्रम सोडायचा विचार सकाळी केला आणि सकाळीच सोडला. मी गेले तर घर निळीच्या हाती राहील, आणि ती दर सोमवारी नियमाप्रमाणे काढत जाईल. मुलगी प्रामाणिक आहे. तिचं सगळं चांगलं आहे, म्हणूनच ती काढेल.

तिला सगळं सांगून पाहिलं. तिने माझा हात हातात घेतला, आणि विद्यापीठाच्या डॉक्टरबाईंची वेळ मला लिहून दिली. एरवी मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. रागच आला नाही. राग पूर्वी कुठे यायचा तेही नीट आठवत नाही, छातीत की डोक्यात.

आज चपलांचा कप्पा आणि तो राखाडी खोका काढला. आता चपला दाराशी जमिनीवर.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आजच्या नकाशात एकच राखाडी ठिपका उरला होता. खिडकीतली खुर्ची.

आठ जण आले. मी मागे बसले, हात मांडीवर. आठही जण धाकटीच्या समोरून गेले. ती गुडघा चोळत होती. एकजण तिच्यापाशी थांबला, मला वाटलं बोलेल. तो चष्मा पुसत होता. मी जीभ दातांत धरली. चव आली रक्ताची.

सर म्हणाले की माणसाची बाहुली सगळ्यांत जड असते, सोमवारी काढा. मी म्हटलं, काढणार नाही. वर्गात सगळे वळून बघायला लागले, म्हणजे आवाज चढला असावा. सर म्हणाले की मग तिला काम द्या. जिच्यावाचून खेळणाऱ्याचं अडेल, तिला कोण काढेल?

धाकटी घरी विचारत होती की आज तोंड का उतरलंय. मी म्हटलं, कॉफी फार झाली. तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. ती म्हणाली, एवढी माया? आजारी आहे का मी?

१४ सप्टेंबर, सोमवार

सोपं होतं. खिळ्यावरची किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली. दार उघडायचं असेल तर तिच्याशी बोलावंच लागेल. बोललं की ती म्हणेल, ‘किल्ली माझ्यापाशी आहे,’ आणि हात पुढे करेल. निळी म्हणाली, मावशी, आता तुम्ही डिझाइनर झालात.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आठांपैकी आठ जण बोलले. खुर्ची नकाशावर लालभडक. सरांनी वर्गाला दाखवली. आता हिला कोणी हात लावणार नाही. घरी जाताना जिन्यात दम लागला नाही.

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी चहा घेऊन बैठकीत गेले. धाकटी खुर्चीत होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, किल्ली माझ्यापाशी आहे. आणि हात पुढे केला. तळहातावर दाराची किल्ली.

मी हसले. थट्टा करते आहे असं वाटलं. किल्ली घेतली, चहा ठेवला, आत गेले. परत आले तेव्हा किल्ली पुन्हा तिच्या हातात होती आणि चहा तसाच.

किल्ली माझ्यापाशी आहे, म्हणाली.

२२ सप्टेंबर, मंगळवार

रस्त्याकडे बघत नाही. गुडघा दुखतो का विचारलं. किल्ली माझ्यापाशी आहे. भरवलं तर खाते. भूक आहे म्हणून नव्हे, चमचा तोंडाशी आला म्हणून. वरच्या मजल्यावरची शेजारीण गप्पांना आली होती. तिलाही तेच. शेजारीण आधी हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा, दूध गॅसवर ठेवलंय म्हणून निघून गेली.

जिवंत ठेवली. एवढंच केलं मी.

२४ सप्टेंबर, गुरुवार

निळीला म्हटलं, हिला आणखी वाक्यं देऊ. ही वही पुढ्यात घेऊन धाकटीची मिळतील तेवढी वाक्यं उतरवली. तेरा भरली. साठ वर्षं अखंड बोललेल्या बाईची वहीत तेरा. बाकीची मी लिहिली नव्हती. ती आहेच असं धरून चालले होते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

बोलते आता. पत्त्यांचं बोलते, मग डॉक्टरच्या कोटाचं, मग भोंगळ दिसतंय, मग एवढी माया. त्याच क्रमाने. तेरा झाली की हात पुढे. मग पुन्हा पत्ते. ‘तुला गेम कोण शिकवणार?’ या वाक्यानंतर हसते. पूर्वी हसली होती तेवढाच वेळ.

मी समोर बसून ऐकते. काही वाटत नाही. तेरावं झालं की किल्ली घेते.

१ ऑक्टोबर, गुरुवार

आज निळीने एक गंमत दाखवली. माझ्यासाठी म्हणून तिने गेल्या आठवड्यात गुपचूप घरात आणखी एक बाहुली बसवली आहे: टेबलाशी बसून वहीत लिहिणारी म्हातारी, चष्मा नाकावर घसरलेला. म्हणाली, मावशी, तुमचं घर आणि तुम्हीच नाही, बरं दिसतं का? हुबेहूब आहे. नको म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आता उशीर झाला. मी आत आहे.

तेवढ्यात सर आले. त्यांनी पाहिलं. पहिल्या सत्राच्या खेळात बोलकं असो वा मुकं, पात्र एकच चालतं. म्हणाले, दोघींतली एक काढा. सोमवारी चार वाजता खेळ कायमचा बंद करून जमा होणार.

निळी म्हणाली, खिडकीतली काढू, लिहिणारी जास्त छान आहे, किल्ली हिच्या टेबलावर ठेवू.

प्रेमाने म्हणाली.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

तिला विचारलं, धाकटीला पहिल्यासारखी करता येईल का? किल्ली नसलेली. काही काम नसलेली.

म्हणाली, अहो, त्यात काय, प्रत्येक सोमवारची आवृत्ती कॉम्प्युटर जपून ठेवतो. १० ऑगस्टचं अख्खं घर परत आणता येईल. पण मग दोन महिन्यांची मेहनत जाईल. गुण जातील.

महिनाभर मी खोका नि वाक्यं जुळवत बसले. विचारलं असतं तर. कॉन्व्हेंटात प्रश्न विचारायला हात वर करायचा असतो. मी शहाणी, मला वाटलं, काढलं ते गेलं.

विचारलं की १० ऑगस्टला लिहिणारी बाई होती का.

निळी म्हणाली, नाही मावशी, तुम्ही तर अलीकडच्या.

४ ऑक्टोबर, रविवार

हिशेब सरळ आहे. मी काही केलं नाही तर निळी धाकटीला काढेल. लिहिणारीला नुसतं काढलं तर धाकटी राहील — तेरा वाक्यांची. पहिलं घर आणलं तर धाकटी सबंध राहील. मी नाही.

धाकटीसमोर बसून मोठ्याने बोलून पाहिलं. काय करू गं? ती अकराव्या वाक्यावर होती.

भीती वाटते का ते तपासलं. दात घासताना हिरडी बधिर असावी तशी. आहे कुठेतरी.

वरच्या शेजारणीला सांगून आले की उद्यापासून हिला बाजारातून सामान आणून देत जा, जिना जमत नाही तिला. शेजारीण म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हटलं, माझी सत्राची परीक्षा आहे.

५ ऑक्टोबर, सोमवार

तीन वाजून दहा मिनिटं. लॅब. निळी पेला भरायला गेली आहे. पडद्यावर विचारतोय: १० ऑगस्टची आवृत्ती परत आणायची? नंतरचं सगळं पुसलं जाईल.

हो.

५ ऑक्टोबर, नंतर

चालत आले. निघताना निळी पेला भरून लॅबमध्ये परत आली, माझ्या समोरून गेली. मी हाक मारली. तिने न वळता बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली — माझ्या.

दार उघडंच होतं. आत गेले. घर भरलेलं आहे. वस्तू मोजत बसत नाही.

ती खिडकीत आहे. हातात किल्ली नाही. गुडघा चोळते आहे. खाली कोणाचा तरी कुत्रा सुटलाय, त्यावरून शेजारणीला वर तोंड करून ओरडून काहीतरी सांगते आहे — नवीन. एकदाही न ऐकलेलं. मला हसू आलं. आलं.

जवळ जाऊन उभी राहिले. ती माझ्यातून दाराकडे —

चार वाजले. जमा झालं असेल.

शेजारीण सामान घेऊन आली. कोणी सांगितलं ते तिलाही आठवत नाही. ती विचारते, एकटीला एवढं घर खायला उठत नाही का? धाकटी म्हणते, सवय आहे हो, पहिल्यापासून एकटीच.

टेबलाशी बसले आहे. पेन धरवतंय अजून. हात फिकट —

ती उठली. भिंतीला धरत इकडे येते आहे. ही वही कोणाची, म्हणते. वाकली.

वाचते आहे. मी लिहिते तशी वाचते आहे. ओठ हलतात तिचे.

म्हणून लवकर लिहिते. धाकटे, जिना उतरू नकोस. तेल कोमट करून लाव. नाक चांगलं आहे तुझं, आहे तेवढंच. बोलत राहा, कोणी ऐको न ऐको, तू —

ती शेजारणीकडे वळून विचारते आहे, ही धाकटी कोण?

अगं तूच. तू माझी —